'अंधेरे में' तीनदा अर्धवट सोडलेल्या वाचकास

तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत आधी मांडतो. घरात मराठी, हिंदी शाळेपुरती आणि पुढे सिनेमा-बातम्यांपुरती, पण वाचनाची सवय चांगली. गजानन माधव मुक्तिबोध हे आधुनिक हिंदी कवितेतलं फार मोठं नाव, शिवाय घरची भाषा मराठी, असं ऐकून तुम्ही 'अंधेरे में' वाचायला घेतलीत आणि तीनदा अर्ध्यावर सोडलीत. आता विचारताय, हा माणूस खरंच एवढा मोठा आहे की समीक्षकांनी मोठा करून ठेवलाय? आणि तो मराठी होता, तर आपल्याकडे त्याच्याबद्दल कुणी बोलत का नाही?

मी सव्वीस वर्षं विदर्भातल्या एका कॉलेजात हिंदी शिकवली. त्यातली बरीच वर्षं एम.ए.च्या वर्गाला मुक्तिबोध शिकवले आणि पहिली सात-आठ वर्षं ते चुकीचे शिकवले. त्यामुळे तुमची अडचण मला परकी नाही. माझ्या मते तुमची खरी अडचण कविता कठीण असणं ही नाहीच. तुम्ही जिना वरच्या पायरीपासून चढायला घेतलात. 'अंधेरे में' ही त्यांची सर्वांत लांब आणि सर्वांत गुंतागुंतीची कविता. ती आठ खंडांची आहे आणि त्यांनी ती कित्येक वर्षं घडवली. हैदराबादच्या 'कल्पना' मासिकात ती छापून आली नोव्हेंबर १९६४ मध्ये, तेव्हा कवी जाऊन दोन महिने झाले होते. आयुष्यभराचा ऐवज जिथे ओतलाय तिथून सुरुवात केली तर दम लागणारच.

एक गोष्ट मात्र तुमच्यावर अवलंबून आहे, ती आधी सांगतो. कविता म्हणजे गुणगुणता येणारी ओळ, अशी तुमची आवड असेल तर मुक्तिबोध कदाचित कधीच आवडणार नाहीत, आणि त्यात कमीपणा काही नाही. मर्ढेकर वाचून तुम्ही नवकवितेकडे आला असाल तर वेगळाच घोटाळा होतो. मर्ढेकर दहा-बारा ओळींत दार धाडकन लावून घेतात. मुक्तिबोध दार उघडं ठेवतात, आत दुसरं दार, त्याच्या आत तळघर, तळघरात पाणी. मराठी नवकवितेने आपल्याला आखूडपणाची सवय लावली आहे. हा कवी त्याच्या अगदी उलट दिशेने जातो, आणि का जातो ते त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. त्याकडे पुढे येतो.

आयुष्य सगळं सांगत नाही, वाचताना उपयोगी पडेल तेवढंच सांगतो. जन्म १३ नोव्हेंबर १९१७, ग्वाल्हेर संस्थानातलं श्योपूर. वडील संस्थानच्या पोलीस खात्यात, म्हणजे बदल्यांमागून बदल्या. शिक्षण उज्जैन आणि इंदूरला. माळव्याची मोकळी माळरानं आणि क्षिप्रेकाठच्या संध्याकाळी यांचा उल्लेख त्यांनी १९४३ च्या 'तार सप्तक'मधल्या आपल्या निवेदनात केला आहे. अज्ञेयांनी संपादित केलेला हा सात कवींचा संग्रह हिंदी कवितेचं वळण ठरला. त्या सातांपैकी दोघांच्या घरची भाषा मराठी होती, मुक्तिबोध आणि प्रभाकर माचवे. त्याआधी शुजालपूरच्या शाळेत मास्तरकी करताना कवी नेमिचंद्र जैन यांची सोबत मिळाली आणि तिथेच ते मार्क्सवादाकडे वळले. मग बनारस, जबलपूर. १९४८ ते १९५८ नागपूर: माहिती खातं, आकाशवाणी आणि शेवटी 'नया खून' साप्ताहिक. (हिंदीत खून म्हणजे रक्त. नागपूरच्या मराठी माणसाला ते नाव स्टॉलवर वाचताना काय वाटत असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.) या काळात 'यौगंधरायण', 'अवंतीलाल गुप्त' अशा टोपणनावांनी त्यांनी राजकीय लेख लिहिले. १९५८ ला राजनांदगावच्या दिग्विजय कॉलेजात प्राध्यापकी मिळाली आणि पहिल्यांदा जरा स्थैर्य आलं.

ते स्थैर्य चारच वर्षं टिकलं. शाळेसाठी लिहिलेल्या 'भारत: इतिहास और संस्कृति' या त्यांच्या पुस्तकावर १९६२ मध्ये मध्य प्रदेश सरकारने बंदी घातली. हा धक्का त्यांनी मनाला फार लावून घेतला. त्यांचे मित्र हरिशंकर परसाई यांनी त्याबद्दल लिहिलं आहे. फेब्रुवारी १९६४ मध्ये पक्षाघात, मग भोपाळचं हमीदिया हॉस्पिटल, मग दिल्लीचं एम्स, आणि ११ सप्टेंबर १९६४ ला मृत्यू. वय ४६. तोवर त्यांचा स्वतःचा एकही कवितासंग्रह निघाला नव्हता. 'चाँद का मुँह टेढ़ा है' त्याच वर्षी भारतीय ज्ञानपीठाने काढला, त्यांच्या मागे.

हे शेवटचं वाक्य वाचताना लक्षात असू द्या. संग्रह हाती येऊन "हे माझं झालं" असं म्हणण्याची वेळ या कवीवर आलीच नाही. कविता लिहायच्या, पुन्हा लिहायच्या, वाढवायच्या, बाजूला ठेवायच्या. तुम्ही जे वाचताय ते एका अर्थाने चालू असलेलं काम आहे.

आता माझी चूक. सुरुवातीच्या वर्षांत मी फळ्यावर दोन रकाने आखायचो. डावीकडे प्रतीक, उजवीकडे अर्थ. ब्रह्मराक्षस म्हणजे बुद्धिजीवी, बावडी म्हणजे अंतर्मन, अंधार म्हणजे व्यवस्था. पोरं उतरवून घ्यायची, परीक्षेत लिहायची, मार्क मिळायचे. एका वर्षी भंडाऱ्याकडच्या एका मुलीने विचारलं, "सर, अर्थ एवढाच असेल तर त्यांनी तेवढंच का नाही लिहिलं?" मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. घरी जाऊन त्यांचं 'एक साहित्यिक की डायरी' हे पुस्तक पुन्हा काढलं आणि लक्षात आलं, की तिच्या प्रश्नाचं उत्तर मुक्तिबोधांनी कधीच देऊन ठेवलं होतं.

त्या डायरीत 'तीसरा क्षण' नावाचं प्रकरण आहे. मित्राशी गप्पा मारता मारता ते कलानिर्मितीचे तीन क्षण सांगतात. पहिला, जगण्यातला एखादा तीव्र अनुभव. दुसरा, तो अनुभव आपल्या दुखऱ्या मुळांपासून सुटा होतो आणि डोळ्यांपुढे एखाद्या फँटसीसारखा उभा राहतो. आता तो तुमचा आहेही आणि नाहीही. तिसरा, ती फँटसी शब्दांत उतरवण्याची प्रक्रिया, शेवटपर्यंत. खरी मेख तिसऱ्यात आहे. शब्द तुमच्या एकट्याचे नसतात. समाजाने वापरून वापरून त्यांत अर्थ साठवलेले असतात. त्यामुळे लिहिताना फँटसी बदलत जाते, वाढते, तुम्ही न ठरवलेल्या जागी पोचते. मग कविता संपणार कशी? त्याच डायरीत ते म्हणतात, की वास्तवाचे धागे एकमेकांत गुंतलेले आणि सतत हलणारे असल्यामुळे मला छोट्या कविता लिहिता येत नाहीत, आणि ज्या छोट्या दिसतात त्या खरं तर अपुऱ्या असतात. समीक्षक म्हणून ते किती मोठे, हे मला इथे कळलं. सिद्धांत आधी आणि कविता त्याचं उदाहरण, असा प्रकार नाही. स्वतःच्या अडचणीतूनच त्यांनी सिद्धांत काढला. तेव्हा रकाना आखून अर्थ काढला की तिसरा क्षण कापला जातो. मी वर्षानुवर्षं तेच करत होतो.

म्हणून माझा क्रम असा असतो. आधी गोष्ट. 'ब्रह्मराक्षस का शिष्य' ही कथा वाचा. हिंदी सोपी आहे, अर्ध्या तासात होईल. एक मुलगा काशीला विद्या शिकायला येतो, एका भल्या मोठ्या निर्मनुष्य घरात त्याला गुरू भेटतो, बारा वर्षं शिकवतो. शेवटच्या दिवशी दोघं जेवायला बसतात, खिचडीवर तूप नाही म्हणून शिष्य उठू लागतो, गुरू म्हणतो बस, आणि बसल्या जागेवरून त्याचा हात लांब लांब होत जाऊन तूप घेऊन येतो. ब्रह्मराक्षस म्हणजे काय हे मराठी वाचकाला तळटीप लावून सांगायला लागत नाही. विद्या मिळवली आणि कुणाला दिली नाही, तो मेल्यावर झाडावर बसतो, हे आजीकडून ऐकलेलं असतं. मुक्तिबोधांनी तीच गोष्ट घेतली आणि त्यातल्या भुताची कणव केली.

मग 'ब्रह्मराक्षस' ही कविता घ्या. गावाबाहेरच्या पडक्या भागात एक सोडून दिलेली बावडी, आपली बारव. आत तो ब्रह्मराक्षस अंग घासतोय, घासतोय, मळ काही जात नाही. मंत्र म्हणतोय, शिव्या देतोय, मार्क्सपासून सार्त्र आणि गांधींपर्यंत सगळ्यांची नवी भाष्यं करतोय. वरून एखादा सूर्यकिरण चुकून भिंतीवर पडला, तर त्याला वाटतं सूर्याने नमस्कार केला. हसू येतं आणि लगेच घशात अडकतं, कारण भरपूर वाचलेल्या आणि कुणाच्या उपयोगी न पडलेल्या कुठल्याही माणसाला तो आरसा आहे. माझ्यासकट. शेवटी कवी त्याची टर उडवून निघून जात नाही. तो म्हणतो, मला त्याचा शिष्य व्हायचंय, त्याचं अपुरं काम पुरं करायचंय.

इथे एक गंमत पाहा. त्या बावडीभोवती मुक्तिबोधांनी झाडं उभी केली आहेत औदुंबराची. मुकी. फांद्या गुंतलेल्या, घुबडांची रिकामी घरटी. मराठी वाचकाला पाण्याकाठचा औदुंबर म्हटलं की बालकवी आठवणार: 'पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर'. एकाकडे निळासावळा झरा आणि वर उदासीची एक रेष, दुसऱ्याकडे कुजकं पाणी आणि आत वेडा झालेला विद्वान. एकाचा दुसऱ्यावर प्रभाव आहे असा माझा दावा नाही, झाड दोघांच्या आजूबाजूला होतंच. पण हिंदीच्या माझ्या सहकाऱ्यांना या ओळीत फक्त झाड दिसायचं. तुम्हाला आणि मला त्यात दत्ताचं देऊळ, बालकवी आणि बारव एकदम दिसतात. ही आपली फुकटची मिळकत आहे, ती वापरा.

कथांमध्ये 'पक्षी और दीमक' सोडू नका. तिच्यातल्या उपकथेत एक तरुण पक्षी आहे आणि गाडीवर वाळवी विकणारा एक माणूस. दोन किडे घ्या, एक पंख (म्हणजे पीस) द्या. पक्ष्याला चटक लागते, रोज एक पंख उपटून देतो. उडता येईना तेव्हा जमिनीवरून वाळवी गोळा करून तो त्या माणसाकडे जातो, म्हणतो ही घे आणि माझे पंख दे. माणूस हसतो: मी पंख घेऊन वाळवी विकतो, वाळवी घेऊन पंख विकत नाही. नोकरी, बढती, क्वार्टर आणि गप्प बसणं यांवर एवढं थंड डोक्याने लिहिलेलं मी दुसरं वाचलेलं नाही. स्टाफरूममध्ये एकदा वाचून दाखवली. त्यानंतर बराच वेळ चहाचे कप वाजत होते, बोललं कुणी नाही.

आणि मग 'अंधेरे में'. ती घरी, संध्याकाळी, मोठ्याने वाचा. अर्थ लावायला थांबू नका. रात्री शहरातून चालत निघालेल्या माणसाची हकीगत म्हणून वाचा. नाहीतरी ती तशीच आहे. घरातल्या भिंतीचा गिलावा पडतो आणि आपोआप एक चेहरा तयार होतो. कुणीतरी येरझाऱ्या घालतंय, दिसत नाही. मध्यरात्री निर्जन रस्त्यावरून बँड लावून मिरवणूक निघते, आणि तिच्यात कोण? लष्करी अधिकारी, मंत्री, उद्योगपती, नामवंत समीक्षक, झगमगणारे कवी आणि शहरातला कुख्यात खुनी डोमाजी उस्ताद. दिवसा वेगवेगळ्या कचेऱ्यांत बसणारी ही मंडळी रात्री एका रांगेत चालतात. पाहणाऱ्याचा गुन्हा एवढाच की त्याने पाहिलं. डोमाजी हे नाव नागपूरकडच्या कानाला किती घरचं वाटतं, हे मला दिल्लीच्या एका चर्चासत्रात समजावून सांगावं लागलं होतं. नागपूरच्या एम्प्रेस मिलच्या कामगारांवरच्या गोळीबाराशीही या कवितेचा संबंध जोडला जातो.

पुढे टिळकांचा पुतळा येतो. त्याच्या नाकातून रक्त वाहतंय आणि कवी त्याला 'पितः' म्हणून हाक मारतो. मग गांधी येतात, एक मूल कवीच्या हवाली करतात. ते मूल पुढे सूर्यफुलांचा गुच्छ होतं आणि नंतर बंदूक. हे 'म्हणजे काय' असं पहिल्या वाचनात विचारू नका. स्वप्नात आपण विचारतो का? दुसऱ्या वाचनात विचारा, तेव्हा उत्तरं आपोआप सुचतील आणि ती माझ्यापेक्षा वेगळी असतील.

एका ओळीपाशी मात्र सावध राहा. 'अब अभिव्यक्ति के सारे ख़तरे उठाने ही होंगे, तोड़ने होंगे ही मठ और गढ़ सब' ही ओळ आज मोर्च्यांच्या फलकांवर असते. मराठीत गड म्हटलं की छाती फुगते, मठ म्हटलं की हात जुळतात. इथे दोन्ही शब्द जमून बसलेल्या सत्तेसाठी आले आहेत, साहित्यातली मठाधिपती मंडळीसुद्धा त्यात आली. मराठी कानाला ही ओळ जास्त धक्का देते. तो धक्का शांतपणे घ्या, टाळू नका.

'समीक्षकांनी मोठं केलं का' या प्रश्नाचं उत्तर: काही अंशी हो, आणि भांडणही त्यांनीच केलं. नामवर सिंहांनी १९६८ च्या 'कविता के नये प्रतिमान'मध्ये मुक्तिबोधांना मध्यभागी आणून बसवलं आणि 'अंधेरे में' ही अस्मितेच्या शोधाची कविता म्हणून वाचली. 'तार सप्तक'मधले त्यांचेच सोबती रामविलास शर्मा यांनी 'नयी कविता और अस्तित्ववाद'मध्ये उलट बाजू घेतली. त्यांना मुक्तिबोधांत अस्तित्ववादाची छाया आणि दुभंगलेलं मन दिसलं. दोघंही मार्क्सवादी, दोघंही प्रचंड वाचलेले. माझं मत विचाराल तर शर्मांचं निरीक्षण बरोबर आणि निष्कर्ष चूक. मन दुभंगलेलं आहेच. सुशिक्षित मध्यमवर्गीय माणूस एका पायाने मिरवणुकीत आणि एका पायाने मिरवणूक पाहणाऱ्यांत असतो, हेच तर तो कवी सांगतोय. त्याने स्वतःला त्यातून वगळलेलं नाही, म्हणून मी त्याच्यावर विश्वास ठेवतो. विचारधारेचे कवी मला सहसा पचत नाहीत. त्यांच्या कवितेत चूक नेहमी दुसऱ्याची असते.

समीक्षक मुक्तिबोध तर मराठी वाचकाने वेगळे वाचावेत. जयशंकर प्रसादांच्या 'कामायनी'ची सगळीकडे आरती चालू असताना १९६१ च्या 'कामायनी: एक पुनर्विचार'मध्ये त्यांनी त्या महाकाव्याकडे फँटसी म्हणून पाहिलं, आणि त्यातल्या मनूमध्ये आदिपुरुष न पाहता आपल्याच काळातला, स्वतःत रमलेला, ढासळत चाललेला माणूस पाहिला. मध्ययुगीन भक्ती चळवळीवरचा त्यांचा निबंध तर तुम्ही उद्याच मिळवा. खालच्या मानलेल्या जातींतून उठलेली निर्गुण भक्ती पुढे कशी आणि कुणी आवरती घेतली, हा त्यांचा प्रश्न आहे, आणि तो विचारताना महाराष्ट्राचे संत त्यांच्या नजरेसमोर आहेत. हिंदी पट्ट्यातल्या समीक्षकाला वारकरी परंपरा पुस्तकातून कळते, यांना ती घरातून कळलेली होती.

आता आपल्याकडे कुणी बोलत का नाही. कारण साधं आहे: ते हिंदीत लिहीत होते, आणि मराठीत त्यांच्या घरातलं दुसरं माणूस लिहीत होतं. शरच्चंद्र मुक्तिबोध हे त्यांचे धाकटे भाऊ. 'नवी मळवाट' आणि 'यात्रिक' हे संग्रह, 'क्षिप्रा', 'सरहद्द', 'जन हे वोळतु जेथे' या कादंबऱ्या, आणि 'सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य' या समीक्षाग्रंथाला १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कार. एका घरात दोन भाऊ, दोघंही कवी, दोघंही समीक्षक, दोघंही मार्क्सवादाशी झगडत सौंदर्याचा विचार करणारे, आणि भाषा दोन. भारतीय साहित्यात असं उदाहरण क्वचित सापडेल. आपण थोरल्याला हिंदीचा म्हणून सोडलं आणि धाकट्यालाही फारसं वाचलं नाही. तेव्हा 'मुक्तिबोध आमचे' असा फलक लावण्याआधी 'क्षिप्रा' वाचनालयातून काढा आणि 'डायरी'च्या शेजारी ठेवून वाचा. माळवा दोन्हीकडे आहे.

वारशाबद्दल एकच सांगतो. नेमिचंद्र जैन यांनी १९८० मध्ये सहा खंडांची 'मुक्तिबोध रचनावली' संपादित केली, त्याच वर्षी मणि कौल यांनी त्यांच्या लेखनावर 'सतह से उठता आदमी' हा चित्रपट केला. पण मला जास्त भावतं ते राजनांदगावातलं. तिथल्याच विनोदकुमार शुक्ल नावाच्या तरुणाच्या सुरुवातीच्या कविता मुक्तिबोधांनी पाहिल्या आणि छापून यायला मदत केली. शुक्लांची पुढची सगळी वाट मुक्तिबोधांपेक्षा वेगळी: हलकी, बुटकी, घरगुती वाक्यं. त्यांना पुढे ज्ञानपीठ मिळालं. ब्रह्मराक्षसाला असा शिष्य मिळाला की ज्याने त्याच्यासारखं मुळीच लिहिलं नाही, हे मला फार आवडतं.

कधी जमलं तर राजनांदगावला जा. नागपूरहून गोंदिया, डोंगरगड ओलांडलं की तेच. दिग्विजय कॉलेजच्या आवारात, तळ्यांच्या मधोमध, ते राहायचे ती जुनी वास्तू स्मारक म्हणून जपली आहे, आणि त्यांच्या कवितांत पुन्हा पुन्हा येणारा तो गोल गोल चढत जाणारा जिनाही तिथे आहे. मी दोनदा विद्यार्थ्यांना घेऊन गेलो. वर पोचेपर्यंत सगळे बडबडत होते, वर खिडकीतून पाणी दिसल्यावर गप्प झाले.

सध्या मात्र 'ब्रह्मराक्षस का शिष्य'पासून सुरू करा, महिनाभर 'अंधेरे में'ला हात लावू नका. आणि चौथ्यांदाही अडकलात तर कुठे अडकलात ते कळवा. मिरवणुकीपाशी अडकला असाल तर मी एक सांगेन, टिळकांच्या पुतळ्यापाशी अडकला असाल तर वेगळं.